खलनायक नेहमी दुसऱ्या गावचा

रहस्यकथा, भयकथा आणि अलीकडे घरोघरी शिरलेल्या जपानी चित्रमालिका यांच्याविषयी आपल्यातील जाणत्या मंडळींची एक जुनी तक्रार आहे. हे वाङ्मय पोरांना बिघडवते, असे ती म्हणते. चोराच्या करामती वाचून मूल चोरी शिकेल, भुताच्या गोष्टी ऐकून भित्रे होईल, हाणामाऱ्या पाहून उर्मट होईल, असा तिचा आशय. आम्ही या वाङ्मयाचे जन्माचे चाहते, आणि ही तक्रार आम्हांला कधीच गंभीर वाटली नाही. बाबुराव अर्नाळकर वाचून कोणी दरोडेखोर झाल्याचे ऐकिवात नाही. झाले असतील ते वाचक, आणि त्यांतले पुष्कळसे पुढे ज्ञानेश्वरीपर्यंतही पोचले. परंतु तक्रार फोल ठरली म्हणून प्रश्न संपत नाही. या वाङ्मयावर एक दुसरा, अधिक अवघड आक्षेप घेता येतो, आणि तो नीट घ्यायचा तर घेणारा या वाङ्मयाचा शत्रू असून चालत नाही, प्रेमिकच असावा लागतो. दुष्टाला शासन झालेले पाहून वाचकाला जो आनंद होतो, तो खरोखर न्यायाचा आनंद असतो काय?

आदिलाबादेत हा प्रश्न विचारायला थोडे अधिक कारण आहे. पैनगंगेच्या दक्षिणेला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत मराठी टिकली ती शाळेमुळे फारशी नव्हे. निजामी राजवटीत शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू, त्यानंतर तेलुगू. १९५६ च्या पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. अशा ठिकाणी वाचनाची गोडी लावली ती आधी पोथीने आणि मग नांदेड-चंद्रपूरकडून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतल्या पुस्तकांनी. त्या पिशवीतून हरिभाऊ निघत, खांडेकर निघत, पण शिवण उसवेपर्यंत हातोहात फिरत ती पुस्तके नाथमाधवांची, अर्नाळकरांची, पुढे नारायण धारपांची असत. ज्या वाङ्मयाने आपली भाषा राखली त्याने आपल्या विवेकाचे काय केले, हे विचारणे कृतघ्नपणाचे नाही.

अर्नाळकरांपासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. १९९६ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा जमा होत्या. त्यांचा धनंजय हा सरळमार्गी गुप्तहेर. पण वाचकांचे खरे प्रेम झुंजारवर आणि काळापहाडवर. हे दोघे कायद्याच्या कडेकडेने, पुष्कळदा कायद्याच्या पलीकडून चालणारे. पोलीस त्यांच्या मागावर आणि ते समाजकंटकांच्या मागावर. कल्पना विलायती होती हे उघड आहे. लेस्ली चार्टरिसच्या ‘सेंट’ची सावली झुंजारवर स्पष्ट दिसते, आणि त्याच्याही आधी १९०५ साली एडगर वॉलेसने न्यायालयाच्या हातून निसटलेल्यांना स्वतः शासन करणारे चौघे इंग्रजी वाचकांपुढे उभे केले होते. परंतु मराठी वाचकाने झुंजारला आपला मानला तो उसनवारीकडे कानाडोळा करून नव्हे. कोर्टाची पायरी चढणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. तारखा, वकील, मुखत्यारपत्र, न कळणाऱ्या भाषेतला निकाल, यांत ज्याचा जन्म गेला त्याला तीन तासांत वाचून होणाऱ्या पुस्तकात न्याय मिळतो, याची अपूर्वाई वाटली तर नवल नाही. ही न्यायाची भूक आहे, आणि तिला हसण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही.

येथपर्यंत आम्ही अर्नाळकरांच्या बाजूचे. अडचण पुढे आहे. झुंजार ज्याला शासन करतो तो दुष्ट आहे हे आपल्याला कसे कळते? लेखकाने सांगितले म्हणून. तळघरातला कट आपण पाहिलेला असतो, विषाची कुपी आपल्यासमोर खिशात गेलेली असते. लेखकाची सर्वज्ञता तेवढ्या वेळेपुरती आपल्याला उसनी मिळते, आणि तिच्या जोरावर आपण साक्षीपुराव्यावाचून निकाल देतो. पुस्तकात हे बिनधोक असते, कारण तेथे लेखक खोटे बोलत नाही. संसारात मात्र कोणाच्याही हाती अशी संहिता नसते. तेथे माणूस दोषी आहे असे ‘सगळ्यांना ठाऊक’ असते, आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पुष्कळदा कोणीतरी एकानेच सांगितलेली असते. कायद्याचा संथपणा, तो उबग आणणारा संथपणा, या अज्ञानापोटी जन्मला आहे. आपल्याला ठाऊक नाही, म्हणून विचारले पाहिजे, म्हणून वेळ लागतो. रहस्यकथा न्याय देते ती अज्ञान वजा करून.

हा मुद्दा ज्या कलाकृतीने आम्हांला लख्ख दाखवला ती जपानी आहे. जपानी चित्रमालिका आपल्या घरांत येऊन आता तीन दशके उलटली, आणि पहिली आली ती नाव बदलून. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘द जंगल बुक’ लागत असे. गुलजारांचे शीर्षकगीत, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. आपल्या सागवानी रानाच्याच उत्तरेला असलेल्या सिवनीच्या जंगलातला मोगली, किपलिंगने लिहिलेला, निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने चितारलेला आणि हिंदीत बोलणारा. पाहणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांना त्याची जपानी जन्मकथा ठाऊक होती. आज मुलांना सारे ठाऊक असते. २०२५ च्या सप्टेंबरात ‘डेमन स्लेयर’चा चित्रपट भारतात तेलुगू, हिंदी आणि तमिळमधूनही लागला, मराठीचा विचार कोणी केला नाही, आणि आपल्या नातवंडांनी तो तेलुगूत पाहून घेतला. असो. आम्हांला बोलायचे आहे ते ‘डेथ नोट’विषयी.

त्सुगुमि ओबा यांचे लेखन आणि ताकेशि ओबाता यांची चित्रे असलेली ही चित्रकथा २००३ ते २००६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि २००६-०७ मध्ये तिची सदतीस भागांची मालिका झाली. यागामी लाइट हा अतिशय हुशार विद्यार्थी, वडील पोलीस खात्यात. त्याला मृत्युदेवाने टाकलेली एक वही सापडते. चेहरा मनात आणून तिच्यात ज्याचे नाव लिहावे तो माणूस चाळीस सेकंदांत हृदय बंद पडून मरतो. लाइट गुन्हेगारांची नावे लिहू लागतो. जगातले गुन्हे कमी होतात, लोक त्याला देव मानू लागतात. येथपर्यंत हा काळापहाडचाच सख्खा नातू. फरक असा, की लेखक येथे कोणाच्या दोषाची हमी घेत नाही. लाइटला गुन्हेगार कळतात ते बातम्यांतून. दूरचित्रवाणीवर नाव आणि चेहरा दिसला की त्याचा निकाल लागला. आणि दुसऱ्याच भागात जे घडते ते या मालिकेतले सर्वांत मोलाचे आहे, असे आमचे मत आहे. पडद्यावर एक मनुष्य येऊन लाइटला दुष्ट म्हणतो, आणि लाइट तत्क्षणी त्याचे नाव लिहितो. तो मनुष्य त्याला पकडू पाहणारा गुप्तहेर आहे एवढाच त्याचा समज, आणि तोही खोटा. बोलणारा नुसते आमिष होता. दोषी माणसापासून विरोधी माणसापर्यंतचे अंतर कापायला एक संध्याकाळही लागत नाही. पुढे त्याच्या मागावर आलेले बारा अमेरिकी अधिकारी मरतात, तेव्हा आपण चपापतो, पण त्याची युक्ती सफल व्हावी असेही वाटत राहते. मालिकेचा उत्तरार्ध, त्या गुप्तहेराच्या मृत्यूनंतरचा, रेंगाळतो आणि नियमांच्या कसरतीत अडकतो, हे मान्य केले पाहिजे. पूर्वार्ध मात्र या प्रकारच्या वाङ्मयाने स्वतःचीच घेतलेली उलटतपासणी आहे.

तरी ‘डेथ नोट’ही एका ठिकाणी थांबते. तिने न्याय देणाऱ्याच्या मनात डोकावून पाहिले. ज्याचे नाव लिहिले गेले त्याच्या घरात ती फारशी गेली नाही. आणि आमचा खरा प्रश्न तेथे आहे.

साहित्यसम्राट न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून वाङ्मयानंदाला ‘सविकल्प समाधी’ असे नाव दिले होते. वाचताना माणूस आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरीपणातच आनंद आहे, अशी ती उपपत्ती. तिच्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण रहस्यकथेच्या वाचकाला ती जशीच्या तशी लागू पडते. आपण आपल्या ओसरीवरही असतो आणि झुंजारच्या मोटारीतही असतो. केळकरांना विचारायचे राहून गेलेले एवढेच, की दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या भूमिकेत? पुस्तकात शिरायला दारे अनेक असतात. वाचक मात्र नेमका एकाच दारातून शिरतो. हजार पुस्तके वाचली तरी तो हजार वेळा नायक होतो, आणि त्या हजार पुस्तकांतल्या लबाड सावकारांपैकी, वतनदारांपैकी, खोट्या दस्तऐवजांच्या मालकांपैकी एकही जण आपल्या ओळखीचा आहे असे त्याला वाटत नाही. खलनायक नेहमी दुसऱ्या गावचा.

हे किती पक्के असते याचा मासला आपल्याच जिल्ह्यातला आहे. राजमौळी यांचा ‘आर आर आर’ २०२२ साली आला. त्याच्या एका गाण्याला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले, आणि आदिलाबादच्या रानातला कोमुरम भीम जगभर पोचला. ज्युनिअर एन. टी. आर. यांनी रंगवलेला हा भीम वाघाशी झुंजतो, दिल्लीत जाऊन इंग्रज गव्हर्नरच्या वाड्यात वन्य पशू सोडतो, गावातून नेलेली गोंड मुलगी सोडवून आणतो. चित्रपट म्हणून आम्हांला तो आवडला, हे लपवण्याचे कारण नाही; इतका आवेश पडद्यावर वर्षानुवर्षे पाहिला नव्हता. परंतु ज्या भीमाला १९४० साली जोडेघाटला गोळ्या लागल्या त्याचे भांडण कोणा गव्हर्नरशी नव्हते. ते निजामाच्या जंगल खात्याशी होते, गोंडांनी काढलेल्या जमिनी आपल्या नावे लावून घेणाऱ्यांशी होते, कचेरीतल्या कारकुनी लेखणीशी होते. चित्रपटाने खलनायक उचलला आणि सातासमुद्रापलीकडे नेऊन ठेवला. त्यामुळे सगळ्यांची सोय झाली. थिएटरात कोणीही बसलेला असो, तेलुगू, मराठी, उर्दू बोलणारा, रानातला वा बाजारातला, सगळ्यांना एकदम टाळ्या वाजवता आल्या.

जोडेघाटच्या घटनेनंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांना या भागात अभ्यासासाठी पाठवले. त्यांनी जे लिहून ठेवले ते वाचायला सुखकर नाही. डोंगर-पठारावरच्या गोंड-कोलामांनी रान मोडून काढलेली शेते, त्यांचे कागद नसणे, बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी आणि गावकामगारांनी ते कागद करून घेणे, आणि मूळ कसणाऱ्याने त्याच शेतात सालगडी होणे. आलेल्यांत दक्षिणेकडचे तेलुगू भाषिक होते, तसे पश्चिमेकडचे मराठी भाषिकही होते. हे परक्याने लिहिले म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण आपल्याच भाषेतले थोर इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत याच जिल्ह्यात अधिकारी होते. ते गोंडी शिकले, त्यांनी त्या भाषेचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. पुढे १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा नियम आणि १९७० ची त्याची दुरुस्ती आली, ती काही हवेतून आली नाही. आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये इंद्रवेल्लीला गोंडांच्या जमावावर गोळीबार झाला, तोही याच कथेचा पुढचा अध्याय होता.

त्या सुमारास या भागातील रानांत ‘प्रजाकोर्ट’ भरू लागले. हातात बंदूक असलेली माणसे रात्री गावात येत, सावकाराला किंवा पाटलाला चावडीपुढे उभे करीत आणि निकाल देत. काही दस्त जाळले गेले, काही माणसे मारली गेली. पुस्तकातला काळापहाड आपल्याला प्रिय होता, पण जो सदेह आला त्याची आपल्याला धास्ती वाटली. आम्ही येथे त्या निकालांचे समर्थन करत नाही; वर म्हटल्याप्रमाणे त्यांनाही कोणी सर्वज्ञता दिलेली नव्हती, आणि लाइटच्या वहीसारखीच ती यादीही दोषी माणसांवरून विरोधी माणसांकडे, मग संशयितांकडे सरकली. प्रश्न समर्थनाचा नाहीच. प्रश्न असा, की त्या रात्री चावडीभोवती बसलेल्या माणसांना जे वाटत होते ते, आणि आपल्याला अर्नाळकर वाचताना जे वाटत होते ते, यांत जात वेगळी होती की फक्त खुर्ची वेगळी होती?

यावर हटकून एक उत्तर येते: आजोबांच्या व्यवहाराचा जाब नातवाला का? प्रश्न रास्त आहे, आणि आमचेही मत असे, की दोष वारशाने येत नाही. वारशाने येते ते शेत. ज्याने काही केले नाही त्याला अपराधी म्हणणे अन्याय आहे, पण ज्याच्याकडे काही आले आहे त्याला ते कोठून आले हे विचारणे अन्याय नाही. आपल्यातली कित्येक घरे पाटीवर संसार घेऊन दुष्काळातून आली, कित्येकांनी पडीक जमीन पैसे मोजून घेतली, कित्येकांचा शेतीशी संबंधच नव्हता. हे सारे खरे असू शकते. पण ते कागद पाहून ठरेल, घरी ऐकलेल्या गोष्टीवरून नव्हे. घरी ऐकलेल्या गोष्टीत आपला पूर्वज हा नेहमी नायकच असतो, कारण तेथेही आपण त्या एकाच दारातून शिरतो.

या बाबतीत रहस्यकथेपेक्षा भयकथेचा हात अधिक धीट आहे, असे आम्हांला दिसते. तिचीही रूढ वाट सोयीचीच. धारपांच्या समर्थकथांत अमंगळ शक्ती बाहेरून येते, समर्थ तिला ओळखतात आणि घालवून देतात. ‘लुचाई’त, जी स्टीफन किंगच्या १९७५ च्या कादंबरीवरून बेतलेली, तेथेही गावाला ग्रासणारे संकट बाहेरूनच येऊन मुक्काम करते. धारपांची भाषा इतकी साधी आणि वातावरण इतके घट्ट, की मध्यरात्री पुस्तक मिटून न्हाणीघरात जायला आजही मन कचरते. तथापि पुस्तक मिटल्यावर आपण सुरक्षित असतो. ते गेले, दार लागले. पण याच धारपांच्या एका कथेतून जे बीज पडले त्याचे झाड निराळे निघाले. राही अनिल बर्वे यांना ती कथा १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने सांगितली, आणि पंचवीस वर्षांनी, २०१८ साली, त्यातून ‘तुंबाड’ हा चित्रपट झाला. पहिल्या वेळी त्याला गर्दी झाली नाही. २०२४ साली तो पुन्हा लागला तेव्हा झाली.

‘तुंबाड’मध्ये राक्षस आहे, हस्तर नावाचा, सोने आणि धान्य दोन्ही हवे असलेला. पण तो आपण होऊन बाहेर येत नाही. वाड्याच्या पोटात तो जेथे आहे तेथे उतरून जावे लागते. जाणारा आहे घरचाच मुलगा, विनायक. कणकेच्या बाहुल्या घेऊन तो उतरतो आणि मोहरा घेऊन येतो, पुन्हा उतरतो, आणि पुढे आपल्या मुलाला उतरायला शिकवतो. १९१८ पासून १९४७ पर्यंत देशात काय काय होते, त्या घराला त्याचे काही नाही. हे पाहताना आम्ही हस्तरपेक्षा जास्त दचकलो ते त्या शिकवण्याला. बाप मुलाच्या हाती धंदा देतो, कौतुकाने, काळजीपूर्वक, जशी कोणतीही चांगली गोष्ट द्यावी तशी. शेवटी मुलगा सोन्याचा तो सगळा साठा नाकारतो आणि शाप लागलेल्या बापाला आगीच्या स्वाधीन करतो. हा शेवट काहींना घाईचा वाटला. आम्हांला तो अवघड जागी अचूक वाटला, कारण नकार येथे बोलण्यात नाही, हातात आलेले न घेण्यात आहे.

अर्थात येथेही पळवाट उरतेच. आदिलाबादचा प्रेक्षक म्हणू शकतो की ही कोकणातल्या वाड्यांची गोष्ट, पावसाची, शेवाळाची, खोतांची. आपल्याकडे कापूस पिकतो. खलनायक घरात आणला तरी घर दुसऱ्या गावचे निघते. जो प्रेक्षक हे म्हणतो त्याला आम्ही दोष देत नाही. गोष्ट स्वतःच्या गावाची असल्याशिवाय त्याने दुसरे काय म्हणावे?

ती गोष्ट लिहायला सामग्रीची वाण नाही. हायमेंडॉर्फ यांनी मार्लवाईला १९४३ साली शिक्षकांचे केंद्र काढले तेव्हा गोंडी मुलांसाठी पहिली वाचनपुस्तके नागरी लिपीत छापली गेली, म्हणजे त्यांची भाषा आपल्या अक्षरांत एकदा मावून गेली आहे. रान आहे, वाघ आहे, रात्री अंधारात उठणारा ढोलाचा आवाज आहे, एकाच शेताचे दोन उतारे आहेत. उत्तम रहस्यकथेला आणखी काय लागते? ती आपल्यापैकी कोणी मराठीत लिहायला घेतली, तर भीमाच्या माणसांचे संवाद त्याला गोंडीतून मिळवावे लागतील, त्यासाठी पगडींसारखे उतारवयाची वाट न पाहता शिकायला बसावे लागेल. पटवाऱ्याचे संवाद मात्र सोपे जातील. ती बोली अजून आपल्या माजघरात बोलली जाते.